कोटातला हिना

आबा, आज दुपारी घरात हिना अत्तराची कुपी आली. तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांत पहिल्यांदाच. माझं लग्न होऊन मी सांगलीला आले, आईलाही साताऱ्याहून इथं घेऊन आले, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. थंडी पडली म्हणून माझ्या नवऱ्यानं बाजारातून कुपी आणली, बूच काढून हातात दिली, आणि मला ती नाकापर्यंत नेववेना. हे हसले, "अगं, विष न्हाई ते."

तुम्ही अत्तरं विकायचात. शाळेत घालायच्या आधी तुमच्या पेटीतल्या कुप्यांवरच्या चिठ्ठ्या दाखवून तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. वाळा, केवडा, मोगरा. आधी वाचायचं, मग हुंगायचं. उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हिना, हे मला बाराखडीआधी पाठ होतं. सकाळी कापसाचा बारीक फाया करून तुम्ही कानात ठेवायचात आणि बोटाला उरलेलं काळ्या लोकरी कोटाच्या कॉलरला पुसायचात. मी उंबऱ्यात बसून बघते आहे. आधी लवंग आणि वेलदोडा नाकात टोचतात. तुम्ही जेवायला परत येता तोवर ते टोचणं गेलेलं असतं, केशर आणि ओल्या मातीसारखं काहीतरी वर आलेलं असतं. दिवेलागणीला कोट खुंटीला टांगता तेव्हा उरतो तो नुसता ऊबदार वास, चंदनाचा आणि तुमच्या घामाचाही. त्यात अत्तर कुठलं आणि माणूस कुठला ते सांगता येत नाही. एकदा बारशाला जाताना मी चोरून अर्धी कुपी अंगावर ओतली. तुम्ही मला घरामागच्या परड्यात उभं केलंत. "हे लावलेलं न्हाई, सांडलेलं हाय. वास जवळ आल्यावर घावला पायजे. लांबनं अंगावर येतंय ते अत्तर न्हवं." बारसं झालं, सगळी परत आली, तरी मी परड्यातच होते. तेव्हापासून मला वासाची लाज वाटते.

महायुद्धाच्या दुसऱ्या थंडीत तुम्ही तापानं गेलात. पेटी गेली. आईचं कुंकू, फुलं, अत्तर एका दिवसात बंद झालं. तुमचा कोट तेवढा तिनं ट्रंकेत ठेवला, न धुता. लोकरीत हिना वर्षानुवर्षं टिकतो, हे तिनं तुमच्याकडूनच ऐकलं होतं. घरात कुणी नसलं की ती ट्रंक उघडून कॉलरमध्ये तोंड घालून बसायची. मी दाराआडून बघायची. एक दिवस आत्या जेवायला तिच्या शेजारी बसली आणि भरल्या पानावरून उठली. "वयनी, रांडमुंड बाईच्या अंगाला हिना येतोय व्हय? कुणासाठी गं?" आईनं नुसता पदर आवळून घेतला. लांबनं अंगावर येतंय, हे तुमचं बोलणं डोक्यातून जाईना. वाटलं, आईच चुकते आहे, आणि तिला सांभाळणं आता माझं काम आहे.

दुसऱ्या दिवशी आई कुणाच्या शेंगा फोडायला गेली तेव्हा मी कोट रिठ्याच्या पाण्यात भिजवला. तीनदा धुतला, ओल्या मेंढरासारखा वास यायला लागेपर्यंत. आई आली आणि कोट वाळत घातलेल्या दोरीशी उभी राहिली. "कसर लागली हुती, आई, किड्यानं लोकर खाल्ली हुती," मी म्हणाले. तिनं ओली कॉलर नाकाला लावली. मग म्हणाली, "बरं केलंस." त्यानंतर तिनं ट्रंक उघडलेली मी पाहिली नाही.

आज तिनं हात पुढं केला. "आण हिकडं. नुसतं हुंगल्यानं काय पाप लागतंय मला आता?" डोळे मिटून तिनं कुपी नाकाशी धरली. "चांगला हाय. पर ह्यो न्हवं. त्येंचा न्यारा हुता. कोटात ऱ्हायला असता तर दावला असता तुला. कसरीनं घात केला बघ." मग विचारलं, "तुला आठवतोय काय गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

आठवतो, आबा. आणि कसर लागलेली नव्हती. आई यायच्या आत बाहीला सुईनं दोन भोकं मीच पाडली, माझं बोलणं खरं वाटावं म्हणून. दुसऱ्या दिवशी उन्हात बसून तिनं ती रफू केली. दोरा मी ओवून दिला. हे सांगायचं ते तिला, तुम्हाला नव्हे. ती शेजारच्या खोलीत तांदूळ निवडते आहे, दार उघडं आहे, चार पावलांवर. तरी मी तुम्हालाच लिहिते आहे, आणि त्याचं कारण तुमची माया हे नाही. तुम्ही अक्षरं मला शिकवलीत, तिला नाही. हा कागद तिच्यासमोर उघडा ठेवला तरी तिला तो वाचता येणार नाही.