कानाचं मशीन

रविवार, १६ नोव्हेंबर

मशीन बंद पडलं! महिनाभर आवाज रोज थोडा खाली जात होता, आज ठार. नवा सेल घातला — काही नाही. डावा कान लहानपणीच गेला. उजवा या शेंगदाण्याएवढ्या यंत्राच्या जिवावर.

नेमका आजच यशराजचा मेसेज — "आई, पुढच्या रविवारी येतो. या वेळी ठरवून टाकू." काय ठरवायचंय ते मला ठाऊक आहे. आईला ऐकू येत नाही, कोल्हापूरचं घर बंद, चला पुण्याला. मला माझं घर सोडायचं नाही! म्हणजे शनिवारपर्यंत हे चालू झालंच पाहिजे.

सोमवार, १७

दुकानात गेले नाही. ते कंपनीकडे पाठवणार, तीन आठवडे. वर आधी कान तपासू म्हणणार. कान कशाला? बिघाड मशीनमध्ये आहे.

गारगोटीच्या शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, एवढं जमेल. आज फक्त बाहेरून. नळी काढून धुतली, वाळवली. सेलच्या पत्र्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या, अगदी हलक्या हातानं — वाकल्या तर संपलं. तरी गप्प.

शेजारची गौराबाई दिवाळीतच म्हणाली होती, "आक्का, कवाधरनं वरडतोय मी! ऐकू येत न्हाय व्हय?" मला राग आला होता. खरं तर या गावात बहिरं झालेलं लवकर कळतच नाही, लोक बोलतातच एवढ्या मोठ्यानं.

मंगळवार, १८

उघडलं!! आधी नळाला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून. ताटात पांढरं फडकं, म्हणजे स्क्रू उडाला तरी सापडतो. आतल्या तारा केसाहून बारीक. चिमटा नको, दातकोरणीनंच बाजूला सारल्या. ओढायचं नाही, जोर लावायचा नाही — मुलांना हेच ओरडून सांगायचे. एका डागावर, म्हणजे तार जिथं सोल्डरनं जोडलेली असते तिथं, हिरवट गंज होता. हाच चोर! सोल्डरिंग गन टेकवली न टेकवली, लगेच उचलली. एकही तार तुटली नाही. या वयात हात थरथरला नाही, याचा फार आनंद झाला.

बुधवार, १९

काही नाही.

गुरुवार, २०

परत उघडलं. परत सगळे डाग भिंगाखाली. सगळे चांगले.

कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, घड्याळ बघून गॅस बंद करते. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. लिहायला लाज वाटते, पण लिहिते — संध्याकाळी आरशासमोर उभी राहून मोठ्यानं स्वतःचंच नाव घेतलं. "संयोगिता!" गळा हललेला दिसला, तेवढंच. खूप रडले. मग चष्मा पुसून परत कामाला बसले.

शनिवार, २२

आपलं काम दुसऱ्याकडून तपासून घ्यावं, म्हणून गौराबाईला बोलावलं. तिनं मशीन पदरानं पुसून कानात घातलं. मी साधंच विचारलं, "काही येतंय का गं?"

केवढी दचकली! मशीन ओढून काढलं, कान दाबून धरला. ओठांवरून कळलं — "आई आई! केवढ्यांदा!"

मशीन चांगलं आहे. महिनाभर चांगलंच होतं.

उद्या यशराज येतोय. त्याचा आवाज शेवटचा कधी ऐकला, आठवत नाही.