नानांच्या डाव्या पायावरची चिलटं

११ जुलै १९६५, रविवार

आज पुन्हा नानांची खाट मागच्या ओसरीत, गोठ्याच्या भिंतीला लावली. दिवेलागणीला चिलटं बरोबर आली. नानांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत उघडा, शेजारी मी पाटावर. रबराची नळी तोंडात धरून ओढलं की चिलट काचेच्या नळीत. अर्धांगवायूने ती बाजू गेल्यापासून नानांना तिकडचं काही कळत नाही. एखादं बसलं की मीच घाई करते, तर म्हणतात, "बसू दे, बसू दे. पोटभर पिऊ दे, मग पकड. मला काय समजते त्या पायाचं?"

खसखशीएवढी माशी. भिंगातून पाहिलं की पंखावर दोन पांढरे ठिपके आणि टोकाला चंद्रकोर. ही कोर कुठल्याच पुस्तकात नाही. सगळी पुस्तकं पुन्हा पाहिली. नाहीच.

म्हशी शेजारच्या गोठेवाल्या रामकिशन भैयाच्या, चिलटं म्हशींची, पाय माझ्या बापाचा. कॉलेजातल्या डेमॉन्स्ट्रेटरबाईंचं संशोधन असं चालतं.

१९ जुलै, सोमवार

नागपूरहून माझ्या एम.एस्सी.च्या सरांचं पत्र. जात नवीन आहे असं त्यांनाही वाटतं. पण! मी पाठवलेल्या सगळ्या माद्या. या चिलटांची खरी ओळख पटते ती नराच्या शेपटाशी असलेल्या हुकासारख्या आकड्यांवरून. "नर पाठवा. नुसत्या माद्यांवर मी नाव लावणार नाही, तुम्हीही लावू नये."

म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच राग येतो. रक्त पिते ती मादी. नर चावतच नाही, मग तो नानांच्या पायाशी कशाला येईल? तो येतो फक्त दिव्याला. आला तर.

नाव काय ठेवायचं ते मी मनाशी केव्हाच ठरवलंय. आज नानांना सांगून टाकलं. नानांचं नाव गोविंद, तेव्हा लॅटिनच्या रिवाजाप्रमाणे "गोविंदी". आधी खूप हसले. मग म्हणाले, "फॅक्टरीत पोरं मला मागून गांधीलमाशीच म्हणत. फोरमनसाहेब डसले, म्हणत. चलो, आता छापूनच येईल." मग, "किती दिवस लागतील?"

डॉक्टर म्हणाले आहेत, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. हे नानांना माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आम्ही दोघं चिलटांबद्दल बोलतो.

२ ऑगस्ट, सोमवार

गोठ्यात दिवा टांगून आठवडा झाला. खाली परातीत साबणाचं पाणी. सात वाजले की करंट जातो. तोफांच्या फॅक्टरीत रात्रपाळ्या चालल्यात, आमच्या चेरीताल मोहल्ल्याच्या वाट्याला उरलंसुरलं. काल कसाबसा तासभर दिवा राहिला, आणि परातीत नर मिळाले! सकाळपर्यंत हवेत होते मी. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहिला. सगळे नेहमीच्या, गल्लोगल्ली मिळणाऱ्या जातीचे. कोर कुणालाच नाही.

आत्या (नानांची धाकटी बहीण. नानांना झटका आला तेव्हा भावासाठी म्हणून नागपूरहून आली ती इथेच राहिली) परात घासायला घेताना म्हणाली, "स्वतःसाठी एक पाहिला नाही, आन् चिलटीसाठी नर शोधून राहिली!" नाना खाटेवर हसून हसून खोकले. मलाही हसू आलं. नंतर नाही आलं.

१४ ऑगस्ट

नानांच्या पायावरचे चावे चिघळले. डॉक्टर चिडले. आत्या माझ्याशी बोलतच नाही, भिंतीशी बोलते: "माझ्या भावाच्या पायाची चाळण केली पोरीने. जिवंत माणसाचं आमिष लावते का कोणी?"

मी बंद केलं. खाट आत घेतली.

१६ ऑगस्ट

संध्याकाळी कॉलेजातून येऊन पाहते तर नाना ओसरीत. भैयाला हाक मारून खाट बाहेर काढून घेतली, चांगल्या हाताने पायजमा वर ओढून बसले. मी ओरडले. ते म्हणाले, "काहून बंद केलं? दीड वर्ष झालं, पडून आहो. दिवसातून एवढंच एक काम आहे मला, तेही घेतेस?"

नळी आणली. काय करणार?

२२ ऑगस्ट

निराळी युक्ती. दिवा नाही तर चिखल. गोठ्याच्या नाल्याकडेचा चिखल आणून लोणच्याच्या जुन्या बरण्यांत भरला, तोंडाला मलमल बांधली. अळ्या त्यातच असणार. घरात वाढवल्या तर नर-मादी दोन्ही निघतील. बरण्या देवघराच्या भिंतीला, तिथे ऊब असते.

२९ ऑगस्ट, रविवार

कोश! तिसऱ्या बरणीत, अगदी काठाशी, उभे. दोन-चार दिवसांत उडतील. नानांना बरणीच उचलून दाखवली. त्यांना काय दिसणार? पण म्हणाले, "दिसले, दिसले." किती दिवसांनी मला भूक लागली आज.

१ सप्टेंबर, बुधवार

उद्या महालक्ष्म्या बसायच्या, म्हणून आत्याने घर झाडून काढलं. बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या. उन्हात लखलखत होत्या.

"देवघराच्या भिंतीला शेणाचा चिखल? लक्ष्म्या काय म्हणतील?"

मी मोरीत बसून रडले. ती दारापाशी येऊन म्हणाली, "मला काय माहीत गं, त्यात काय होतं ते?" खरंच आहे. नानांना दाखवलं, तिला कुठे दाखवलं होतं?

७ सप्टेंबर, मंगळवार

लढाई. रेडिओपुढे गर्दी. आजपासून ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, बाहेर दिव्याची तिरीपसुद्धा नको. फॅक्टरी असलेलं गाव, रात्री वरून दिसता कामा नये.

म्हणजे गोठ्यातला दिवा गेला.

पुन्हा चिखल आणून वाढवायला महिना लागेल.

९ सप्टेंबर

आज लबाडी करून पाहिली. गोठ्याला तीन बाजूंनी गोणपाट, बल्बला निळा कागद, वरून भैयाचं घमेलं. मिनिटभरात गल्लीतून वॉर्डनची शिट्टी. "बत्ती बुझाओ! किसका मकान है ये?" भैया हात जोडून, "बुझा रहे हैं साहब, दीदी कीड़े पकड़ती हैं।" वॉर्डन म्हणाला, कीड़े? लड़ाई में?

घरात आले तर नाना उठून बसायची धडपड करत होते. इतके संतापलेले मी त्यांना झटक्यानंतर पाहिले नव्हते. "तिथे माझी माणसं कामावर आहेत. तुझ्या एका चिलटापायी फॅक्टरी दाखवतेस? लाज नाही वाटत?"

"तुमच्या नावासाठी करून राहिले मी हे, नाना."

"नको मला नाव. दिवा लावायचा नाही. बस."

फोरमनचा हुकूम. घमेलं परत केलं.

१३ सप्टेंबर

सरांना लिहिलं होतं की लढाई आहे, घरी आजार आहे, एवढ्या वेळी माद्यांवरूनच करू या. आज उत्तर. सरळ नकार, दोन ओळींत. सूर सभ्य आहे.

नानांची जीभ कालपासून जड. जेवण जात नाही. संध्याकाळी मला खूण करून जवळ बोलावलं.

"छापलं का?"

"होईल, नाना."

"होईल म्हणजे नाही. तीस वर्षं फोरमन होतो, मला 'होईल' समजते."

मग डावीकडे पाहिलं. पायावर एक बसलं होतं. मी नळी घेतली नाही. दोघंही बघत राहिलो. पिऊन फुगलं, जड होऊन उडून गेलं.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे नाना गेले. झोपेतच. ओसरीतच.

रामकिशन भैयाने म्हशी सोडल्या नाहीत, दूधही काढलं नाही. चुलतभाऊ कटनीहून दुपारी पोचला. ब्लॅकआउटमुळे सगळं अंधाराआधी उरकायचं होतं. तिलवाऱ्याच्या घाटावर नेलं. मी घरीच. बायका जात नाहीत.

त्यांचा डावा पाय मी पुसला. सगळे चावे मोजता आले असते. मोजले नाहीत.

आत्या म्हणते, पितृपक्षात गेला, भाग्यवान. मला तसलं काही वाटत नाही. मला नाना हवे आहेत.

१८ सप्टेंबर

जिथे जीव गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवायचा. ओसरीत, खाट होती त्या जागी, दक्षिणेला वात करून. खाली तांदळाचं पीठ पसरायचं, वर बांबूची टोपली झाकायची. सकाळी टोपली उचलून पाहायचं. ज्या योनीत जीव गेला तिची पावलं पिठात उमटतात म्हणे. आत्याने सगळं नीट केलं. मी नुसती पीठ धरून उभी.

तिन्हीसांजेला शिट्टी वाजली. तोच वॉर्डन. टोपलीच्या फटींतून उजेड झिरपत होता. भैया दारात सांगायला गेला, "बाबूजी नहीं रहे।" वॉर्डन ओसरीच्या पायरीपर्यंत आला, टोपी काढली. "रहने दो," म्हणाला. "इतना चलेगा।"

सगळं चेरीताल काळंठिक्कर. एवढा एकच दिवा.

१९ सप्टेंबर, रविवार

पीठ कोरं. आत्या वाकून वाकून पाहत होती. "काही नाही. सुटला असेल माझा भाऊ."

घरात काहीच करायला नाही. सूक्ष्मदर्शक कॉलेजला परत द्यायचा आहे. नाना गेल्याचं सरांना कळवलेलं नाही. कशाला कळवायचं? चिलटाचं नाव आता कोणासाठी?

२० सप्टेंबर, सोमवार

आधी लिहून काढते.

सकाळी आत्याने टोपली उचलली. पीठ कोरंच. मी टोपली घेतली, उलटी केली, आणि आतल्या बाजूला कामटीवर एक चिलट बसलेलं. जिवंत. हात आपोआप कोनाड्यातल्या नळीकडे गेला. ओढलं, कापूस लावला, भिंगाखाली धरलं. मिशा पिसासारख्या फुललेल्या. नर.

इतके दिवस तो का येत नव्हता, हे मी आत्ता, आज सांगू शकते. गावभर अंधार होता, त्याला यायला दिवाच नव्हता. आता त्या अंधारात गोठ्यापासून चार हातांवर एकच दिवा जळतो आहे, तोही मी लावलेला नाही. नानांनी लावू दिला नसता. नानांसाठी लागला.

आत्या समोरच होती. "काय आहे?"

खोटं बोलता आलं नाही. "चिलट."

तिने टोपलीकडे पाहिलं, मग पिठाकडे, मग नळीकडे. खाली बसली. "दिव्यापाशी होतं? आतून?" मग ज्या आवाजात रडली, त्या आवाजात ती शुक्रवारीही रडली नव्हती. "माणसाचा जन्म संपवून चिलट? तुझ्यापायी झालं हे, विमल. वर्षभर चिलटांना त्याचं रक्त पाजलंस, तेच त्याच्या ध्यानात राहिलं. अंतकाळी जे ध्यानात, तोच जन्म." आणि मग, "त्याला मारू नको. तुझ्या पाया पडते. माझ्या भावाला मारू नको."

मी एम.एस्सी. आहे. चिलट गोठ्याच्या नाल्यातून आलं, उजेडाला आलं, टोपलीच्या फटीतून आत शिरलं. हे मी तिला सांगितलं. स्वतःलाही सांगितलं.

पंख मिटलेले आहेत, एकावर एक. कोर आहे की नाही ते दिसत नाही. दिसायला हवं तर आधी स्पिरिट, मग लवंगेचं तेल, मग काच. म्हणजे आधी मारायचं, मग कळणार. कोर असली तर "गोविंदी" छापून येईल, सर नाही म्हणूच शकणार नाहीत. नसली तर गल्लीतलं साधं चिलट, आणि आत्या उरलेला जन्म माझ्याकडे पाहणार नाही. खरं सांगायचं तर आत्यापेक्षा मलाच भीती वाटते. नेहमीच्याच जातीचं निघालं तर मी कोणाला मारलं असेल? हा प्रश्न मूर्खपणाचा आहे हे मला माहीत आहे. तरी तो जात नाही.

सोडून दिलं तरी काय होणार? नर दिवस-दोन दिवस जगतो.

स्पिरिटची बाटली उघडून ठेवली आहे. वास सगळ्या ओसरीत. सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवला आहे, ऊन आता भिंतीवरून सरकतं आहे, आणि अंधार पडला की आज काही पाहता येणार नाही. दुपारपासून नळीच्या तोंडाची कापसाची गुडदी डाव्या हाताच्या बोटांत धरून बसले आहे. नळीत तो काचेला चिकटून बसला आहे. हलत नाही, पण मेलेला नाही.

आत्या केव्हाची दारात उभी आहे. रडून झालं आहे तिचं. नळीकडे बघत आत्ता एवढंच म्हणाली,

"बसू दे ना गं त्याला. बसू दे थोडा वेळ."