चैती गुलाब कोणालाही मिळू नये म्हणून

मी, अंगद सर्जेराव वायाळ, वय बावीस, राहणार मंठा, जिल्हा जालना, धंदा घरच्या गच्चीवर गुलाब (वडिलांच्या मते धंदा काहीच नाही), आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र करतो. दारू प्यालेलो नाही. रागात आहे. पण रागावलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालत नाही असं कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही.

मरायची मला हौस नाही. उद्या सकाळी जालन्याच्या दवाखान्यात माझा उजवा हात पूर्ण भूल देऊन उघडणार आहेत. फेब्रुवारीत बोटात गुलाबाचा काटा मोडला, तो मी कोणाला दाखवला नाही, आणि आता कोपरापर्यंत गाठी आल्यात. दवाखान्यानं ज्या कागदावर सही घेतली त्यात 'जिवाला धोका संभवतो' असं छापलेलं होतं. आईनं वाचलं नाही, मी वाचलं. म्हणून हा कागद. हात पट्टीत असल्यामुळे मोबाईलवर डाव्या अंगठ्यानं लिहून प्रिंट काढली आहे.

कलम १. वडील सर्जेराव यांना माझं कॉलेजचं ओळखपत्र. शेतकी पदवीचं दुसरं वर्ष मी अर्ध्यात सोडलं याचं त्यांना दुःख आहे, तर फोटो तरी जवळ असावा. कॉलेजात गुलाब शिकवायचे, पण फक्त खोक्यात भरून बाजारात पाठवायच्या जातीचे. मी सरांना विचारलं की या फुलांचा वास कुठं गेला. ते म्हणाले, वासाला बाजारात कोणी विचारत नाही. मी म्हणालो, मंग प्लॅस्टिकची शेती शिकवा, पाणीबी वाचंल. त्यानंतर मी त्या वर्गात गेलो नाही. घरी आल्यावर वडील म्हणाले, "वास घेऊन पोट भरतंय का रे, गाढवा?" आणि एडवर्ड गुलाबाची माझी दोन झाडं डब्यासकट गच्चीवरून खाली टाकली. ते चेपलेले डबे मी जपून ठेवलेत. तेही त्यांनाच.

कलम २. आईला गावठी लाल गुलाबाची तीन झाडं आणि गुलकंदाच्या दोन्ही बरण्या. त्यातलं वडिलांना देऊ नये. ती देणारच आहे, पण मी लिहून ठेवलं.

कलम ३. शेजारचे तातेराव, सेवानिवृत्त तलाठी, दर वर्षी माझ्याकडून गुलाबाचं कलम नेतात आणि दर वर्षी मारतात. त्यांना एकही झाड देऊ नये, फक्त ही माहिती द्यावी. गुलाब फोटो बघून निवडू नये. नर्सरीत सकाळी आठच्या आत जावं, अर्धवट उमललेल्या फुलाला नाक लावावं, आणि दिसायला सुमार असलं तरी जे झाड तिथून हलू देत नाही तेच आणावं. कुंडीत नुसती काळी माती भरली तर चिखल होऊन मुळं कुजतात. मुरूम मिसळावा, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. पाणी बुडाला द्यावं, पानांवर नाही. हे मी त्यांना दहा वेळा सांगितलंय. ते झाडाला पाणी घालत नाहीत, बुडवून मारतात. त्यांनी निवडुंगसुद्धा लावू नये.

कलम ४. आता चैती. हा गुलाब वर्षातून एकदा, चैत्रातच फुलतो. रंग फिका, पाकळ्या विस्कटलेल्या, पण सकाळी फूल खुडलं तर बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही. दर्ग्यावर फुलांची चादर पुरवणारे ख्वाजामियाँ यांनी मला त्याची काडी दिली आणि डोळा बांधायला शिकवलं. चैतीच्या काडीला आपल्याकडं मुळं धरत नाहीत, म्हणून तिचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, रानगुलाबाच्या खुंटावर बांधतात. खुंट दांडगा, चैती नाजूक. बांधलेल्या जागेच्या खालून खुंटाला फुटवा आला की तो लगेच काढायचा. न्हाई काढला तर सगळं पाणी तोच पितो आणि चैती झुरून वाळते. पुढं बोअर घेताना ख्वाजामियाँचं मूळ झाड गेलं. उरली दोन. एक माझ्या गच्चीवर, दुसरं मी बांधून समोरच्या तृप्तीला दिलेलं.

तृप्तीनं एकदा चैत्रात माझा हात नाकाजवळ धरून विचारलं होतं, "कोणतं अत्तर लावतो रे?" मी म्हणालो, अत्तर नाही, फुलं खुडून आलोय. त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

इथं एक गोष्ट शपथेवर लिहितो. झाड देताना मी तिला सगळं सांगितलं, फक्त फुटव्याचं नाही. मुद्दाम. म्हटलं फुटवा येईल, ती घाबरून विचारायला येईल, मी जाऊन काढीन, महिन्यानं पुन्हा येईल. फुटवा आला, ती आली नाही. तिला वाटलं झाड जोमात आहे. दीड वर्षात कमरेएवढं रान माजलं. गेल्या दिवाळीत ती गल्लीत चार जणींच्या समोर म्हणाली, "अंगद, तू तर मला नुसते काटेच दिले रे." ती हसत होती, हे मला नंतर कळलं. मी म्हणालो, "झाड ओळखता येईना अन् निघाली गुलाब लावायला. तुला कागदाचीच फुलं शोभतात." जानेवारीत तिचं आष्टीच्या राधेश्यामशी जमलं. त्याचं गुलाबाचं पॉलीहाऊस आहे. लाल, लांब दांड्याचे, बिनवासाचे. म्हणजे तिनं माझं ऐकलं.

फेब्रुवारीत तिच्या घरचे साखरपुड्याच्या खरेदीला गेले तेव्हा मी भरदुपारी त्यांच्या अंगणात शिरलो आणि ते झाड मारायचं म्हणून तो माजलेला फुटवा दोन्ही हातांनी बुडातून फाडून काढला. जिवंत तेवढा तोच दिसत होता; चैतीची काडी तर वाळल्यासारखीच होती, तिला हातही लावला नाही. काटा तिथं मोडला.

कलम ५. माझ्या गच्चीवरचा चैती आता शेवटचा. तो कोणालाही मिळू नये. मी मेलो तर वैशाखात तृप्तीच्या हळदीच्या दिवशी तो मुळासकट उपटून, वारा मांडवाकडं असताना गल्लीत जाळावा. ओला गुलाब जाळला की धूर डोळ्यांत जातो, तिला रडायला निमित्त होईल. राधेश्यामला आहेरात रानगुलाबाचा एक खुंट द्यावा. त्याला वास नसतो, राधेश्यामला ओळखीचा वाटेल.

(इथून पुढं डाव्या हातानं, पेनानं लिहिलेलं. अक्षर समजून घ्यावं.)

साक्षीला ख्वाजामियाँ आले. चष्मा लावून सगळं वाचलं आणि पाचव्या कलमावर बोट ठेवून थांबले. म्हणाले, "जाळ बेटा, तुझं झाड हाय. पण वास तर तिच्या अंगणात येऊन राह्यला." त्या काडीला नवी पालवी आली आणि या चैत्रात तीन फुलं लागली. ते परवाच बघून आले होते. "कोणी तरी फुटवा बराबर काढला. कैचीनं न्हाई, हातानं, बुडातून. कापला असता तर एकाचे चार झाले असते. जाणकार माणसाचं काम हाय."

मी विचारलं, तिला काय वाटतंय, कोणी काढला?

ख्वाजामियाँ म्हणाले, फुटवा निघाला त्याच आठवड्यात राधेश्याम तृप्तीच्या घरी येऊन गेल्ता. पालवी दिसल्यावर तृप्तीनं त्याला फोनवर विचारलं, तुम्हीच केलं ना? तो नुसता हसला. "आता ती साऱ्या गल्लीला सांगून राह्यली, बिनवासाची फुलं विकतो पण माणूस जाणकार हाय. आधी लग्नाला नाखूष होती पोरगी. आता झाड घेऊन सासरी जाऊन राह्यली."

मंग त्यांनी माझ्या पट्टीकडं बघितलं, चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

कलम ५ रद्द. जो शेवटचा नाही तो जाळण्यात काही अर्थ नाही. माझा चैती ख्वाजामियाँनी न्यावा. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, पण काडी त्यांचीच होती.

कलम ६. तिच्या झाडाचा खुंट जिवंत आहे. जुलै-ऑगस्टात तो पुन्हा फुटणार. फुटवा कोणता आणि चैती कोणती, हे तृप्तीला कोणीही सांगू नये. तिनं राधेश्यामला विचारावं. तो जाणकार आहे.

कलम ७. मी जगलो तर हा कागद फाडावा. मेलो तर हळदीच्या दिवशी, तिच्या अंगाला हळद लागण्याच्या आधी, तो तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावा आणि माझ्याकडून एवढंच सांगावं. कमरेएवढा रानगुलाब हातानं उपटला तर तळहातावर खुणा राहतात, वर्षभर जात नाहीत. तृप्ती, त्याचे हात बघ.

लिहून देणार: अंगद सर्जेराव वायाळ
(उजवा हात पट्टीत. डाव्या अंगठ्याचा ठसा.)

साक्षीदार:
१. ख्वाजामियाँ फूलवाले, मंठा. सही केली. कलम ६ मला मंजूर न्हाई. पोरीला मी सांगणार.
२. तातेराव, सेवानिवृत्त तलाठी, मंठा. कलम ३ साफ खोटं आहे. बाकी माझ्यासमोर झालं.

स्थळ: मंठा
दिनांक: १६ एप्रिल २०२५