मागच्या दारावरचा क्रूस

डोंबिवली पूर्व,
४ ऑक्टोबर २०२४

ती. दौलतमामांस,
वैशालीचा सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि काल जेवढं ऐकू आलं तेवढ्यावरच तुम्ही फोन आपटलात. म्हणून पत्र.

वर्तकनगरच्या आपल्या प्रार्थना सभागृहावर महापालिकेची नोटीस लागली, ती मीच लावली. साहेबांना आधीच सांगितलेलं की तिथे उपासना चालवतात ते माझे सख्खे मामा आहेत. ते म्हणाले, दुसऱ्या अभियंत्याला पाठवू का? मी म्हटलं, नको, नाहीतर मामा जन्मभर म्हणतील की आमची वैशाली असती तर असं झालं नसतं.

दोनच गोष्टी आहेत. मुलांच्या रविवारच्या शाळेसाठी तुम्ही बांधलेला लोखंडी माळा विनापरवाना आहे, आणि त्याचे गर्डर गंजलेत. दुसरं, क्रूस लावायला सरळ भिंत हवी म्हणून तुम्ही मागचं दार विटांनी बुजवलंत. शंभर माणसं आणि दार एकच! माळा उतरवा, दार उघडा, तोवर सभागृह बंद. सुगीच्या सणाला पाच आठवडे आहेत, मनावर घेतलंत तर सहज होईल.

मामींना सलाम. लोभ आहेच, राग आला तरी तो असू द्यावा.

तुमची भाची,
वैशाली


वर्तकनगर, ठाणे,
८ ऑक्टोबर २०२४

चि. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद. रागात दिले तरी आशीर्वादच आहेत, घे.

पत्र पोचलं. कलावतीने दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मुद्दाम मोठ्याने. तुझी मामी तुझ्याच बाजूची आहे, हे या वयात कळलं.

अगं, तो माळा आम्ही सुट्टीच्या दिवशी घाम गाळून उभा केला. त्याच माळ्यावर बसून तू वचनं पाठ केलीस, बक्षिसं नेलीस. आज तोच धोकादायक? आणि देवाच्या घरात सरकारचं काय काम, ते तरी सांग. मी एकच मागतो. सण होऊन जाऊ दे. लोक वर्षाचं पहिलं पीक घेऊन येतात, कुणी गावाकडची बाजरी, कुणी गॅलरीतल्या कुंडीतली मिरची. त्यांना काय उघड्यावर उभं करू? एक तारीख पुढे ढकलायला तुला कितीसा वेळ लागतो?

दर रविवारी अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना मी करतो, तुला ठाऊक आहे. परवा शाळेच्या पटांगणात जमलो, तेव्हा ती गाळली. चहाच्या वेळी रंगूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, की अधिकारी सगळे वारले की काय. लोक हसले. मी हसलो नाही.

तब्येत सांभाळ. डबा वेळेवर खात जा.

तुझा मामा,
दौलत


डोंबिवली पूर्व,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
सप्रेम सलाम, वि. वि.

रंगूबाईंना सांगा, एक अधिकारी जिवंत आहे आणि रोज डबा खाताना रडते.

तारीख मी ढकलणार नाही. देवाच्या घरात सरकारचं काय काम, हे तुम्ही विचारताय? दहावीत असताना मला तुम्हीच शिकवलंत, की सत्ता म्हणजे देवाने नेमून दिलेली चाकरी. वाईटाला आवरायचं आणि दुबळ्याला राखायचं, एवढ्यासाठी ती दिलीय. सरकारची पूजा करायची नाही, पण देवाचा नोकर म्हणून मान द्यायचा, आणि तो चुकला तर तोंडावर सांगायचं. आपण काय गायचं, कसली प्रार्थना करायची, हे सरकारने सांगू नये, असंही म्हणालेलात. मामा, तुमच्या प्रार्थनेतल्या एका शब्दालाही माझी नोटीस हात लावत नाही. ती माळ्यावरच्या चौदा मुलांबद्दल आहे.

लोकांच्या दुकानांना, सोसायट्यांना नोटिसा लावायच्या आणि मामांना सोडायचं, मग मी कसली चाकरी करते? तीस वर्षं तुम्ही मागत आलात, की प्रभू, कचेरीत तुझं भय धरणारं माणूस बसव. आता बसलीय, तर तिलाच सांगताय डोळे मीट.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. काळुराम वेल्डर सरळ माणूस आहे, त्याला बोलवा आणि गर्डर स्वतः बघा.

पत्राची वाट बघतेय. शिव्या असल्या तरी चालतील.

वैशाली


वर्तकनगर, ठाणे,
११ नोव्हेंबर २०२४

चि. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

महिनाभर लिहिलं नाही, कारण माफी मागायची मला सवय नाही. काळुरामला बोलावलं ते तुला खोटं पाडायला. त्याने भिंतीजवळ गर्डरचं टोक खरवडलं, तर लोखंडाचे पापुद्रे त्याच्या मुठीत आले. आत बोटाएवढं लोखंड उरलं होतं. मी तिथेच बाकावर बसलो आणि चौदा मुलांचं एकेक नाव घेत राहिलो. कलावतीने पाणी आणून दिलं.

माळा उतरवला. क्रूस मी स्वतः काढला आणि विटांवर पहिला घण मीच घातला. क्रूस आता दाराच्या बाजूला आहे, जरासा तिरका, पण उपासनेच्या वेळी दारातून छान उजेड येतो. तुझ्या साहेबांनी दुसरा अभियंता पाठवून तपासून घेतलं आणि शुक्रवारी परवानगीचा कागद दिला.

काल सण झाला. तू निवडणुकीच्या ड्युटीवर होतीस, म्हणून सांगतो. रंगूबाईंची कोंबडी ऐन गाण्यात सुटली आणि मागच्या दाराने पसार झाली, दाराचा पहिला मान तिचा. टेबलावर बाजरी, भोपळे, मिरच्या होत्या. मला ना शेत ना कुंडी, दरवर्षी बाजारातला नारळ ठेवतो. यंदा भोपळ्याशेजारी तुझी नोटीस ठेवली. मी सांगितलं, तीस वर्षं जे मागितलं ते देवाने दिलं, आणि मी त्याच्यावरच रुसून बसलो. मग अधिकाऱ्यांची प्रार्थना सुरू केली. तुझं नाव घेतलं आणि पुढे शब्दच फुटेनात. आमेन रंगूबाईंनी म्हटलं.

अगं, देवाचे उपकार मानतो आणि तुझेही. उपासना संपल्यावर मुलं मागच्या दाराने ओरडत बाहेर पळाली. मी दाराशी उभं राहून मोजली. चौदाच्या चौदा.

लोभ असाच ठेव, आणि परत चुकलो तर परत नोटीस लाव.

तुझा मामा,
दौलत