सलीमभाईंचं नळकांडं

शुक्र. ४ नोव्हें. ९४ (पाडवा)
फुटलं. वर गेलंच नाही. मार्टिनने बटण दाबलं, जरासं सूंऽऽ आणि धडाम! उन्हाळाभर खपून केलेलं रॉकेट वाळूत तुकडे तुकडे. सगळे लांब होतो म्हणून कुणाला ओरखडाही नाही. मोटरचं नळकांडं मात्र उभं फाटलेलं. मार्टिन म्हणजे आमच्या क्लबचा मुकादम, परमिशन त्याच्याच नावावर. तुकडा उलटासुलटा करून म्हणाला, मशिनिंग कच्चं आहे. नळकांडं सलीमभाईंनी मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये, स्वतःच्या लेथवर केलेलं. ते शेजारीच उभे. मी ब्र काढला नाही.
त्यांना बुसैतीनला घरी सोडलं. उतरताना त्यांनी गाडीचं दार असं आपटलं की काच थरथरली.
सुधा ओवाळायचं ताट घेऊन ताटकळलेली. "वाजला का फटाका?" राग आला. पण खोटं काय होतं त्यात?

रवि. ६
डोकं चालत नाही. प्लांटवर शिफ्टभर हेच. नळकांडं ॲल्युमिनियमचं, आणि त्यावरच तर माझं पोट. फाटलेला तुकडा कुठेही पातळ नाही, मग फाटला का? मोटरमध्ये इंधनाच्या जाड वड्या (सुधाचा शब्द). त्या फक्त मधल्या भोकातून पेटायच्या. बाहेरूनही पेटल्या की आत दाब वाढतो आणि कारभार आटोपला. म्हणून बाहेरून कागदी नळीत पक्क्या चिकटवायच्या. ते काम माझं. नीट केलं होतं. केलं होतं ना?
सलीमभाईंना फोन. भाभी म्हणाल्या, नमाजला गेलेत. सकाळी दहाला कसली नमाज?

शुक्र. ११
क्लबचं जुनं रॉकेट, मार्टिनचं विकतचं नळकांडं, नव्या पाकिटातल्या वड्या, चिकटवल्या मीच. सरळ वर! ठिपका झाला, छत्री उघडली, टाळ्या. मार्टिन: "मी म्हटलं नव्हतं? ह्यापुढे घरगुती नळकांडी बंद." म्हणजे सलीमभाईंचंच चुकलं तर. मी सुटलो. मग बरं का वाटत नाही?
ते आलेच नव्हते. सकाळी त्यांच्या दाराशी हॉर्न वाजवून वाजवून...

मंगळ. १५
सुधा तूरडाळ गरम पाण्याने चोळत होती. "आईंनी एरंडेल जरा जास्तच लावलंय. दोन पाण्यांत जात नाही मेलं." पुण्याहून आणलेली वर्षाची डाळ. उगाच विचारलं, ही आधी कुठल्या डब्यात होती गं?
"तुमच्या वड्यांना दिला त्याच की! दमट हवा लागायला नको म्हणून घट्ट झाकणाचा मागितलात ना? पुसून दिला होता हां."
डब्यात बोट फिरवलं. चिकट. अरे देवा! पाडव्याच्या वड्या पाकीट फोडून त्यातच ठेवलेल्या. शुक्रवारच्या पाकीटबंद होत्या. तेलकट वडीला एपॉक्सी गोंद काय धरणार, कपाळ! पण हेच कारण कशावरून? चिकटवताना वडी हाताला तेलकट लागली नव्हती. की लागली होती?
"म्हणजे आता मी का?" म्हणाली आणि न जेवता उठली. तिचं काय चुकलं? डबा मागणारा मी.

बुध. १६
सलीमभाईंच्या वर्कशॉपवर गेलो. सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. हात पुसत ऐकून घेतलं.
"तेल असंल, नसंल. माझा पण चुकला असंल, मी काय अल्ला नाय. पण तो गोरा बोलला तवा तू गप का ऱ्हायलास, ता सांग."
लाज वाटली. चहा मात्र दिला. मग फळीवरून दुसरं नळकांडं काढलं. "शुक्रवारी ह्याच्यात उडव. फुटला तर माझा दोष. खलास."

शुक्र. १८
हॉर्न वाजवायच्या आधीच सलीमभाई दाराशी उभे होते. वाळवंटात पोचलो तर मार्टिन नाहीच म्हणत होता. मी म्हटलं, मागचा घोळ माझ्या डब्याचा असेल. हे नळकांडं सलीमभाईंचं आहे, हे नको असेल तर मीही क्लबात नको. माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. शेवटी तयार झाला, पण सगळ्यांना आणखी लांब नेऊन उभं केलं.
बटण. काही नाही. पुन्हा बटण. जरासा धूर, मग तोही नाही. उडालंही नाही, फुटलंही नाही! न पेटलेल्या रॉकेटजवळ लगेच जायचं नाही हा नियम, म्हणून गाडीआड बसून राहिलो.
"आता ह्याचा दोष कोनाचा?" सलीमभाई. मला हसू फुटलं. ते हसले का ते दिसलं नाही, वाळू उडत होती, तोंडाला रुमाल.
वारा वाढला. मार्टिनने मोटर काढून पेटीत घातली. तो आता लीव्हवर. पुढचं जानेवारीत, इंशाल्ला.
येताना वाटभर एवढंच:
"वड्या ह्या टायमाला कुठल्या डब्यात होत्या?"
"बिस्किटांच्या."
"बरा."
बुसैतीन. उतरले. दार धाडकन लागलं. त्यांनी आपटलं की वाऱ्याने ओढलं, कळलं नाही. गाडी चालू ठेवून जरा वेळ तिथेच थांबलो.