नवाबच्या तळव्यांना चटका

सूनबाई राजेश्री,

शाळेतून आलीस की गच्चीवर जाऊन नवाबला हाका मारू नको. कुत्रं माझ्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात आहे. पायाला मलम लावून आणतो. तू जेवून घे.

झालं असं. माझ्या बिडीची धास्ती घेऊन तुझ्या नवऱ्यानं, योगीराजनं, नवाबसाठी गच्चीवर आग न पकडणारं प्लास्टिकचं गवत बसवलं. बसवणाऱ्यानं लायटर लावून दाखवलं, खरंच पेटलं नाही. पण सेलूच्या उन्हात ते तापतं किती, हे आपल्यापैकी कुणी विचारलंच नाही. आज दुपारी मी त्यावर चार पापड भाजले, एक करपला. पापडाचं खोटं समज, पण नवाबचे तळवे लाल झालेत हे खरं आहे. माझ्या शब्दावर जाऊ नको, उद्या दुपारी चप्पल काढून उभी राहून बघ.

म्हणून म्हणतो, त्याला पुन्हा माझ्या खोलीत बाजेखाली राहू दे. केस मी झाडत जाईन. तो वर गेल्यापासून गोदावरीतली मगर मी कशी धरली ते भिंतीला सांगायलोय. भिंत लय गुणी आहे, पण मधेच कान हलवत नाही.

संध्याकाळी गवत गार पडतं, हेही सांगून टाकतो, नाहीतर योगीराज मला खोट्यात पकडेल. नवाबला वरच ठेवायचं ठरलं, तर माझी बाजही वर न्यायला सांग.

मामंजी