गालाची गोळी

३ फेब्रु. २००४, पुसेगाव
बैलाचं शिंग गालावर बसलं त्याला तीन महिने. नांदेडला ऑपरेशन करून हाड बसवलं, जखम भरली, पण सणक न्हाई गेली. तोंड धुतलं तरी करंट मारतो. आज हिंगोलीच्या डॉक्टरनं नवी गोळी दिली. कशाची? तर म्हणे, "नसेची." एवढंच. माझ्याकडं पाहिलं बी न्हाई, बाकीचं ह्यांच्याशीच बोलला.

८ फेब्रु.
सणक निम्मी. चक्कर येते. गोळ्यांची पट्टी संपत आली म्हणून मेडिकलात गेले, तर तो चारचौघांत विचारतो, "घरात फिट कोणाला येते, बाई?" वर हसला. हसायला काय झालं मेल्याला!
म्हणजे फिटाची गोळी. मला!

९ फेब्रु.
ह्यांना धरलंच. "काहून लपवलं?"
"डॉक्टर म्हणला, गोळी फिटाचीच, पण दुखावलेली नस बी तीच शांत करते. तुला फिट न्हाई. सांगितलं असतं तर खाल्ली असती का तू?"
नसती खाल्ली. पण पुढच्या आठवड्यात सुनीताला पाहायला बाळापूरचे पाहुणे येऊन राहिले. आईला फिट म्हणल्यावर पोरीला कोण करून घेईल? गोळी बंद.

१२ फेब्रु.
जाऊबाई विचारते, "मेडिकलात काहून गेलती?" हिला कोणी सांगितलं? मेडिकलवाल्याची बायको हिच्याच बचत गटात. बराबर.
सणक परत. भाकर चहात बुडवून गिळली.

१६ फेब्रु.
पाहुणे आले. पोराची आई म्हणाली, "इहीणबाई, तुमीबी घ्या." न्हाई कसं म्हणू? पोह्याचा पहिलाच घास, अन् गालात अशी सणक, की तोंड वाकडं झालं, डोळा मिटला, बशी खाली. पाहुणीच ओरडली, "फिट आली! कांदा आणा!" अन् फोडलेला कांदा माझ्या नाकाला. मी शुद्धीत, सगळं ऐकून राहिले, पण जबडा उघडंना. जाऊबाई दारात उभी. मरून जावं वाटलं.
सुनीतानं डब्यातली पट्टी आणून पोराच्या हातात दिली. "फिट न्हाई, गालाची नस हाय. तिनं गोळी सोडली म्हणून असं झालं." त्यानं वाचली, नाव कागदावर उतरवून घेतलं. काहून घेतलं?

१८ फेब्रु.
गोळी परत सुरू. सुनीतानं समोर बसून खायला लावली. माझ्यावर चिडली, रडली बी.

२१ फेब्रु.
बाळापूरचा निरोप. न्हाई म्हणले न्हाईत. "आमी स्वतः डॉक्टरला विचारतो. सोमवारी तुमीबी सोबत चला." सुनीता खूष. हे म्हणतात, साफ मनाची माणसं. मी हो म्हणलं.
पण मला फिट न्हाई, हे डॉक्टर खरंच म्हणला का, ते अजून मलाच ठाऊक न्हाई.